वीरांची चौकशी

कारखान्यांतल्या अपघातांची चौकशी करण्यात तीस वर्षं घालवलेला माणूस रिटायर झाला, की घराचीच चौकशी सुरू करतो. दूध कोणामुळे उतू गेलं, नळ कोणी टपकता ठेवला, दोषी ठरल्याशिवाय साहेबांना घास जात नसे. शेवटी मुलाने हात टेकले आणि बाबांचं नाव संध्याकाळच्या वर्गात घातलं. तिथे ग्रीक आणि रोमन वीरांच्या कथा भाषांतरातून शिकवत, आणि शिकवायला होती साहेबांची सूनच. वर्गात नातं आणायचं नाही, मॅडम म्हणायचं, असं तिने पहिल्याच दिवशी बजावलं.

पहिल्या चाचणीत साहेबांना वीसपैकी चार मिळाले. पोटात शत्रूचे सैनिक लपलेल्या लाकडी घोड्याबद्दल त्यांनी लिहिलं होतं, की बाहेरचा माल गेटवर न तपासता आत घेतला, सबब पहारेकरी निलंबित करावेत. आईने टाचेला धरून जादूच्या नदीत बुडवून काढलेल्या वीराची तेवढी टाच कोरडी राहिली आणि तिथेच बाण लागला, त्याचा ठपका आईवर. हात बदलून पुन्हा बुडवायला तिचं काय जात होतं? मेणाचे पंख वितळून मेलेल्या पोराला बापाने उंच न उडण्याची सूचना दिली, पण लेखी नाही. खाली मॅडमचा शेरा होता, ‘तुम्हाला माणसं दिसत नाहीत.’

चार मार्क एक वेळ गिळता आले असते, शेरा घशात अडकला. तीस वर्षांत भाजलेल्या, चिरडलेल्या किती जणांची नावं आपण लिहिली, त्यातला एक तरी चेहरा आठवतो का? साहेबांनी आठवून पाहिलं. एकही आठवेना, आणि ते मनापासून घाबरले.

दुसऱ्या चाचणीत म्हातारा राजा आला. मुलाला मारणाऱ्याच्याच तंबूत जाऊन, त्याच्याच हातांचं चुंबन घेऊन, मुलाचं प्रेत मागणारा. साहेबांनी सवयीने ‘जबाबदार कोण’ असं लिहिलं, खोडलं, आणि अर्धा तास नुसते बसून राहिले. मग चार ओळी लिहून पेपर दिला.

निकालाच्या आदल्या दिवशी घरात फ्रिजचं दार उघडं राहिलं. चौकशीत सूनबाई दोषी ठरल्या आणि दोघांची चांगलीच जुंपली. दुसऱ्या दिवशी पेपरवर अकरा मार्क बघून साहेबांना शंका आली. ही दया तर नाही? वर्ग रिकामा होईपर्यंत ते थांबले.

“मॅडम, खरं सांगा. हे मार्क सुनेनं दिलेत का?”

“सुनेनं दिले असते तर कालच्या फ्रिजचे पाच कापले असते.” तिने पेपर पुन्हा उघडला. “पण चारच ओळी का, बाबा? इतकं छान लिहीत होतात. वेळ होता की अजून.”



“पुढे रडायला लागलो होतो,” त्यांनी कबुली दिली.