मनगटावरचा चुगलखोर

आंबागडच्या तुलारामचं काळीज छातीत होतं, पण ठोके वाजत नागपूरला. एकदा छातीत कळ आली, ती गॅसची निघाली, तरी नागपूरला राहणाऱ्या लेकानं, अमरनं, पोळ्याला घड्याळ आणून बापाच्या मनगटावर बांधलं. झोप, चाल, धडधड सारं अमरच्या मोबाइलवर जाई. तिथून सुनेला दिसे. सुनेचा भाऊ घनश्याम विमा विकायचा, त्यालाही दिसे. "काकाजी, काल धडधड वाढली होती. पॉलिसी काढून टाका." बायकोशी भांडावं, तर भांडण मिटायच्या आत सून फोनवर विचारी, "मामाजी, काय झालं होतं?"

"यंदा दंडारीत नाचाचं नाही," अमरनं बजावलं. "मले सगळं दिसते."

पण दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेतल्या दंडारीत गवळणीचं सोंग तुलारामचंच. त्याच्या गिरकीसाठी माणसं आसपासच्या गावांतून येत.

मंडईच्या पहाटे त्यानं घड्याळ सोडून बायकोच्या, सत्यभामाबाईच्या, बांगड्यांमागं बांधलं.

"मले कायले?"

"तुले काय काम? घर अन् बांधी. ठोके शांत रायतीन. पोराले वाटन, बाप निजला हाय."

ती नुसती हसली. विळा उचलून धान कापायला बांधीत गेली.

दुपारी तुलाराम लुगडं नेसून, पायात चाळ बांधून तयार. तेवढ्यात फोन.

"बाबा, काय करून राहिले तुमी? पहाटेपासून धडधड थांबूनच नाही राहिली."

ओठांची लाली अजून ओली होती. तुलाराम चाचरला, "काही नाही बापू. घरचीच कामं."

"ते आईले करू द्या ना. ती त घरीच रायते."

फोन बंद झाला तरी तुलाराम कानाशी धरून उभा. ढोलकीवाला सुखराम म्हणाला, "चाला, गवळणबाई."

"आलोच," म्हणत तो भलत्याच वाटेला लागला. शेतांच्या धुऱ्याधुऱ्यानं चाळ छुमछुमत गेले.

सत्यभामाबाई डोक्यावर धानाचा भारा घेऊन येत होती. थबकली. "कोणाच्या घरची व तू, बाई?"

"तुझ्याच. दे तो भारा. बस सावलीत."

ती मोहाच्या झाडाखाली पाय पसरून बसली. तुलाराम भारे वाहू लागला. गालांचा रंग घामाबरोबर गळ्यापर्यंत आला. कमरेला खोचलेला मोबाइल थरथरला. त्यानं भारा टाकून अमरचा निरोप मोठ्यानं वाचला:

"शाब्बास बाबा. आता कसे शांत आहात. असाच आराम करा."

दूर ढोलकी घाई करत होती.

"आयकलं ना?" सावलीतून सत्यभामाबाई म्हणाली. "करा आराम. बांधीभर भारे पडले हायेत. मंग नाचा."