नाकावर भरवसा

भावोजींनी माझं नाव ‘नाक’ ठेवलं, त्याला तीन वर्षं झाली. ताईकडे जेवायला गेले होते. दारातच मी म्हटलं, “गॅस गळतोय.” सगळ्यांनी हुंगून पाहिलं, कुणालाच वास आला नाही. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला आला आणि नळी बारीकशी फुटलेली निघाली. तोवर भावोजी मला नावाने हाक मारायचे. त्या दिवसापासून ‘काय नाक, कसं काय?’

मला ते आवडायचं. नाही म्हणण्यात अर्थ नाही.

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. रसायनशास्त्राची पदवी घेतल्याला दीड वर्ष झालं. बहुतेक मोजमापं यंत्रं करतात, पण ‘नळाच्या पाण्याला वास येतो’ अशी तक्रार आली की अजूनही पाच माणसं टेबलाभोवती बसून बाटल्या हुंगतात. त्या पाचांत मी वयाने सगळ्यात लहान आणि नाकाने सगळ्यात अचूक. वर्षभरात माझी एकच चूक निघाली होती. ती कुठल्या बाटलीत, हे मला अजून पाठ आहे.

भावोजी दोन महिन्यांनी रेस्टॉरंट उघडणार होते. त्यांना एकाच मळ्याची, थेट लाकडी पिंपातून घेतलेली वाइन हवी होती. म्हणून त्यांनी शनिवारची अर्ध्या दिवसाची सहल ठरवली. बारा वाजता शहरातून मिनीबस, तासाभराचा रस्ता, तळघरात तीन वाइनची चव, सोबत पाव आणि चीज, पाचच्या आत घरी. बसमध्ये आमच्या तिघांशिवाय आणखी सात-आठ जण असणार होते.

“मला वाइनमधलं ओ की ठो कळत नाही,” मी म्हटलं.

“कळायला कशाला हवं? चव मी बघतो. तू फक्त हुंग. काही बिघडलेलं असलं तर सांग.”

“आणि तिने काही सांगितलंच नाही तर?” ताईने विचारलं.

“तर फुकटात हिंडून येईल बिचारी. आठवडाभर गढूळ पाणी हुंगत असते.”

शनिवारी सकाळी माझी अर्धी पाळी होती. सोमवारच्या चाचणीसाठी वासाचे नमुने बनवायचे होते. एक मातीच्या वासाचा, एक माशाच्या, आणि एक दमट पुठ्ठ्यासारख्या बुरशीच्या वासाचा. हा शेवटचा भयंकर असतो. पाण्याने भरलेल्या मोठ्या टाकीत त्याचा थेंब पडला तरी नाकाला कळतं. पावणेबाराला कशीबशी बाटल्या बंद करून, हात तीनदा साबणाने धुऊन मी पळत बस गाठली.

मळा एका उतारावर होता. दगडी इमारत, खाली तळघर, अंगणात पाण्याचा नळ आणि उलटे ठेवलेले क्रेट. मालक साठीचे, गप्पिष्ट, पोटावर ताणलेला स्वेटर. त्यांच्यामागे त्यांची वहिनी उभी होती. पन्नाशीच्या बाई, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, नखांच्या कडा जांभळ्या-काळ्या झालेल्या. दोन वर्षांपूर्वी नवरा जाईपर्यंत तळघरातलं वाइनचं काम तो बघायचा. नंतर मालकांनी बाहेरचा माणूस ठेवला.

“पहिल्या दोन वाइन आमच्या माणसाच्या,” मालक म्हणाले. “तिसरी वहिनींची. चार पिंपं. खालच्या उतारावरची द्राक्षं दिली त्यांना, म्हटलं करा तुम्ही तुमच्या हाताने. आज त्यांची परीक्षा आहे आणि पेपर तपासणारे तुम्ही. गिऱ्हाईक मिळालं तर पुढच्या वर्षापासून तळघर वहिनींचं. नाही मिळालं तर पाच वाजता व्हिनेगरवाल्यांचा टँकर येतोच आहे.”

सगळे हसले. त्या बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “भाऊजी, पाहुणे आधी पावाला तरी हात लावू देत.”

प्रत्येकाला एकच ग्लास. दोन वाइनच्या मध्ये तो कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये विसळायचा आणि पुन्हा पुढे करायचा. पहिली वाइन आंबटसर होती, दुसरी त्याहून आंबटसर. भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, बिघडलेलं काही नाही. त्यांनी ओठ मुडपले, म्हणजे आवडण्यासारखंही काही नव्हतं.

तिसऱ्या वाइनआधी मी ग्लास विसळला तेव्हा तळाशी पाण्याचे दोन-तीन थेंब राहिले. इतरांनी ग्लास नुसते झटकले. माझ्याने ते होईना. नमुन्यात पाणी मिसळलं तर तो नमुना कसला? मी खिशातून रुमाल काढला, ग्लास आतून-बाहेरून, कडेपर्यंत लख्ख पुसला आणि पुढे केला.

बाईंनी काचेच्या नळीने पिंपातून वाइन काढली. ओतताना त्यांचा हात अगदी स्थिर होता. ओतून झाल्यावर मात्र त्या नळी कुठे ठेवावी हे विसरल्यासारख्या तशाच उभ्या राहिल्या.

मी ग्लास नाकाशी नेला आणि मला तो वास आला. दमट पुठ्ठा, बंद माळा, बुरशी. शंकेला जागाच नव्हती. हा वास मी झोपेतही ओळखला असता.

भावोजींनी एक घोट घेतला होता. त्यांच्या भुवया वर गेल्या होत्या. “ही बरी वाटते की,” ते म्हणत होते.

“भावोजी, ही बिघडली आहे,” मी म्हटलं.

हे हळू बोलता आलं असतं. मी हळू बोलले नाही.

“बिघडली म्हणजे?” मालकांनी विचारलं.

मग मी सांगितलं. लाकडात बुरशी कशी धरते, तिच्यापासून कुठलं संयुग तयार होतं, ते किती कमी प्रमाणात नाकाला कळतं, पिंपाला एकदा लागलं की का जात नाही. तीन-चार मिनिटं बोलले असेन. आवाज छान लागला होता. बसमधली मंडळी आपापल्या ग्लासात नाक खुपसू लागली.

“हो हो, येतोय खरा,” एक गृहस्थ म्हणाले.

“मला तर मघापासून येत होता,” त्यांची बायको म्हणाली. “म्हटलं कशाला बोला.”

बाई माझ्यासमोर आल्या. “दुसऱ्या ग्लासात देऊ का, ताई? एकदा बघता?”

“गरज नाही,” मी म्हटलं.

ते दोन शब्द मला जसेच्या तसे आठवतात. आमच्या प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी पहिला नियम शिकवतात. संशय आला की आधी भांडं तपासा. त्याच भांड्यात शुद्ध पाणी घेऊन हुंगा. वास भांड्याचा आहे की आतल्या वस्तूचा, हे ठरवल्याशिवाय तोंड उघडू नका. हा नियम मी स्वतः नव्या मुलींना शिकवला आहे.

“मग तुमचाच द्या,” बाई म्हणाल्या. माझा ग्लास त्यांनी दोन्ही हातांनी घेतला. डोळे मिटून हुंगला, पुन्हा हुंगला. त्यांचा चेहरा बदलला नाही, फक्त मान थोडी खाली गेली.

“आहे,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी पिंपाच्या तोंडाशी वाकून हुंगलं. पण तो वास एकदा नाकात बसला की काही वेळ जिथे तिथे तोच येतो. हेही मला माहीत होतं. त्या सरळ उभ्या राहिल्या आणि कुणाकडेच न बघता म्हणाल्या, “इथेही आहे बहुतेक.”

“चला,” मालक म्हणाले, “व्हिनेगरलाही चांगली वाइन लागतेच.” या वेळी कुणी हसलं नाही. भावोजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. “वाचवलंस गं नाक. मी घेऊन बसलो असतो.”

साडेतीनला बस सुटली. मी खिडकीशी बसले होते आणि मला स्वतःचं भलतंच कौतुक वाटत होतं. पाव खाऊन बोटं चिकट झाली होती म्हणून मी रुमाल काढला.

दमट पुठ्ठा. बंद माळा. बुरशी.

सकाळी बाटलीला झाकण लावताना एक थेंब बाहेर ओघळला होता. टिश्यूचा खोका रिकामा होता. नवा खोका दोन खोल्या पलीकडे होता, आणि पावणेबारा झाले होते. मी तो थेंब रुमालाने पुसला होता, जे करायला सक्त मनाई आहे. हात तीनदा धुतले आणि रुमाल कोरडा झाला म्हणून खिशात घातला.

मी घड्याळ पाहिलं. तीन चाळीस. हातातल्या माहितीपत्रकावर मळ्याच्या ऑफिसचा नंबर होता. खाली लिहिलं होतं, शनिवारी चारपर्यंत. वीस मिनिटं होती. पुढच्या सीटवर ताई डुलकी घेत होती. तिच्या शेजारी भावोजी त्या गृहस्थांना सांगत होते, “माझी मेहुणी. हिच्या नाकासमोर यंत्रं झक मारतात.”

एवढंच म्हणायचं होतं, ‘भावोजी, माझं चुकलं.’ तीन शब्द. मी ते मनात जुळवले आणि ते गृहस्थ वळून माझ्याकडे बघून हसले. मीही हसले. रुमाल खिशात खोल कोंबला. मग मी स्वतःला कारणं सांगत बसले. कदाचित वाइनलाही थोडा वास असेल. बाईंना पिंपाशीही आला होता ना. इतरांनाही आला. मी शास्त्र शिकलेली मुलगी, आणि साक्षीला कुणाला धरलं तर ज्यांना मीच वास सुचवला होता त्यांना.

चार वाजले. सव्वाचार झाले. साडेचारला शहराचा पूल आला आणि आम्ही स्टँडवर उतरलो. सगळे पांगल्यावर मी ताईची बाही ओढली आणि रुमाल तिच्या हातात दिला.

तिने हुंगला. “ई! काय गं हे?” मग मी सांगितलं. तिने विचारलं, “कधी कळलं तुला?”

“बस सुटली तेव्हा.”

“आणि तू आत्ता सांगतेस? तासाभराने?”

 भावोजींनी मळ्याचा नंबर लावला, घंटा वाजत राहिली. दुसऱ्यांदा लावला. मग गाडीची किल्ली काढून पार्किंगकडे चालू लागले. आम्ही मागोमाग. साठ किलोमीटर कुणी रेडिओ लावला नाही.

अंगणात टँकर उभा होता. त्याची जाड नळी तळघराच्या जिन्यातून खाली गेली होती, आणि पंप चालू होता. मी धावत खाली गेले आणि ओरडले, “थांबवा!” पंपवाल्याने मालकांकडे पाहिलं. मालकांनी हात वर केला. पंप बंद झाला.

दोन पिंपं रिकामी झाली होती. एक पिंप ओढायला वीस मिनिटं लागतात, असं पंपवाला म्हणाला. मी विचारलं नव्हतं.

मी सगळं सांगितलं. भाषण नव्हतं या वेळी. वाक्यं तुटत होती, क्रम चुकत होता. रुमाल आधी आला आणि थेंब नंतर. मालक ऐकत होते. शेवटी म्हणाले, “म्हणजे वाइन ठीक, पिंप ठीक, बिघाड तुमच्या खिशात. पण वहिनी, तुम्हीही म्हणालात ना, आहे म्हणून?”

“म्हणाले,” बाई म्हणाल्या. त्या रिकाम्या पिंपाला हात टेकून उभ्या होत्या. “आणा तो रुमाल.”

मी दिला. त्यांनी नाकाशी नेलाही नाही, वीतभर लांबूनच ओळखला. “हाच.”

“मला माफ करा,” मी म्हटलं.

“आज सकाळपासून मी चारदा हुंगली होती,” त्या मला नाही, रुमालाला सांगत असल्यासारख्या म्हणाल्या. “चारही वेळा चांगली होती. बावीस वर्षं आमच्या ह्यांच्या शेजारी उभी राहून हुंगत आले. आणि तुम्ही बोललात तशी...” त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग शेल्फवरची झाकणाची बरणी घेतली, रुमाल आत टाकला आणि झाकण घट्ट बसवलं. “हा इथेच राहील. उद्या कुणी विचारलं तर दाखवायला हवा.”

माझ्या मनात आलं, वर्षानुवर्षं ही बरणी इथे राहील, आणि पाहुण्यांना तिची गोष्ट सांगितली जाईल. मालक ती रंगवून सांगतील. सांगू देत.

बाईंनी ग्लास विसळला, झटकला आणि उरलेल्या पिंपातून भावोजींना वाइन दिली. भावोजींनी वेळ घेतला. “ही मी घेतो. आहेत ती दोन्ही.”

“अट चार पिंपांची होती,” मालक म्हणाले.

“अट गिऱ्हाइकाची होती, भाऊजी,” बाई म्हणाल्या. “चाराची झाली ती आत्ता.”

मालकांनी पोटावरून स्वेटर खाली ओढला. “बघू,” म्हणाले आणि टँकरवाल्याशी बोलायला वर गेले. ते ‘बघू’ कुठल्या बाजूचं होतं, ते मला कळलं नाही. माझ्यामुळे ते ‘हो’ व्हायचं राहिलं होतं, एवढं कळलं.

निघताना बाईंनी दुसरा ग्लास विसळून माझ्यापुढे धरला. मी नको म्हटलं. “घ्या,” त्या म्हणाल्या. “न चाखताच बोललात मघाशी.” तळाशी पाण्याचे थेंब होते. मी ते तसेच राहू दिले. वाइनला पिकलेल्या आलुबुखाराचा वास होता, आणि मागे थोडा ओल्या दगडाचा. त्या काहीतरी ऐकायची वाट बघत होत्या. मी ग्लास रिकामा करून परत दिला.

गाडीत मी मागे बसले. भावोजींनी आरसा नीट केला, वळून पाहिलं आणि म्हणाले, “पट्टा लाव.” आणि त्यापुढे, तीन वर्षांत पहिल्यांदाच, माझं नाव घेतलं.