कोरडं कारंजं

लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा पनवेलच्या या पंचतारांकित हॉटेलात आम्ही पहिल्यांदा राहिलो. माझ्या बायकोची, वेणूची आई ती तान्ही असतानाच गेलेली. वेणूचा सगळा जन्म मिठागरात राबण्यात गेला. इथे मात्र तिला कुणी पाण्याचा पेलासुद्धा उचलू दिला नाही.

यंदा मुद्दाम परत आलो, तर दारातलं कारंजं कोरडं, गालिच्याला कुबट वास, चादर चुरगळलेली. बोलावून कुणी येईना. माझं डोकंच फिरलं.

"चल, बॅग उचल. घरी जाऊ."

वेणूने पदर खोचला, चादर झटकून नीट घातली आणि खिडकी पुसायला घेतली.

"अगं, आपण पावने हाव इथं!"

"पावने तुमी. माझं लाड झालं ते हितंच. आई थकली म्हणून कोन मायेर सोडतं का?"