कायमचा असमर्थ

कानिफनाथ सकाळपासून एसटीच्या थांब्यावर येरझारा घालत होता. साखर कारखान्यात फिटर असताना त्याचा उजवा हात मनगटाच्या वर तुटला होता. त्याच्या विम्याच्या चौकशीला आज साहेब यायचे होते. पैसे आले की पिठाची गिरणी टाकायची, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. आईला, गोजरबाईला, मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं. हाताचा विषय काढला की गोजरबाई भरल्या ताटावरून उठायची.

कर्जतची गाडी आली, रिकामी झाली, निघून गेली. साहेबांचा पत्ता नाही. कानिफनाथ धुसफुसत घरी आला, तर दारात फटफटी उभी! ओसरीत घोंगडीवर पांढऱ्या शर्टातला माणूस विम्याचे कागद बाजूला ठेवून चहा पीत बसलेला, आणि समोर आई.

कानिफनाथच्या बहिणीला, विजयमालाला, बघायला तिसगावची माणसं याच आठवड्यात येणार होती. आईनं साहेबांनाच तिसगावकर समजून चहा पाजला होता.

"हात गेला म्हून काय झालं, पाव्हनं?" गोजरबाई रंगात आली होती. "एका हातानं इंजान खोलतोय नि जोडतोय. कारखान्यापरीस लई कमावतो! बहिनीचं समदं त्योच करनार."

"आये, गप!" कानिफनाथ ओरडला. "ह्ये तिसगावचं न्हाईत. विम्याचं सायेब हायेत."

गोजरबाईनं पदर तोंडाला लावला आणि ती आत गेली.

"मी दोनदा सांगायला गेलो, पण आजी बोलू देतील तर ना!" साहेब हसले. मग थांबून म्हणाले, "इंजिनं दुरुस्त करता?"

"हिरीला पानीच न्हाई, तर इंजान कोन लावतंय सायेब? समदी पोत्याखाली झाकून पडल्यात."

"फिटरचं काम जमत नाही, एवढ्यानं भागत नाही. विम्याच्या कलमात 'कुठलंही काम करण्यास कायमचा असमर्थ' असं आहे. राखणदारी?"

"ह्या दुष्काळात राखायचं काय? ढेकळं?"

"बरं, आज कमाई नाही, हे पटलं. पण पुढंही कधीच, कुठल्याच कामानं होणार नाही, असं तुमच्या तोंडून हवं."

कानिफनाथ अंगणात गेला, परत आला. गिरणीचा पट्टा डाव्या हातानं कसा चढवायचा, हेसुद्धा त्यानं ठरवून ठेवलं होतं. आता गिरणी हवी, तर ती आपल्याला कधीच चालवता येणार नाही असं म्हणायचं!

"आज तरी न्हाई..."

"आजचं नाही विचारलं मी."

आतून गोजरबाईचा आवाज आला, "म्हन की रं! हुबा काय ऱ्हायलास? कधीच न्हाई म्हन!"

"कधीच न्हाई," कानिफनाथ म्हणाला.

"मी तशी शिफारस करतो," म्हणून साहेब उठले. फटफटी सुरू झाली तशी शेजारची छबूबाई कुडावरून डोकावली.

"तिसगावचं का रं? पसंत पडली पोर?"

"न्हाई, दुसरंच हुतं कोन."

आत गोजरबाई हुंदके देत होती. कानिफनाथला घरात जाववेना, नि बाहेर थांबवेना.