झाकलेला गडवा

पोळा फुटायच्या ऐन वेळेला शालिग्राम पाटलाचा इंद्रभान बैलाच्या पायाखाली गेला. आता गावानं आधी त्याला उचललं, की आधी त्याच्या तोंडाचा वास घेतला, हे छातीठोक सांगणारा माणूस त्या गावात आजही मिळायचा नाही.

धाडच्या बाजारापासून तीन कोसांवरचं ते गाव. पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी जायची ती पोलीस पाटलाची, हा मान बापजाद्यांपासूनचा. इंद्रभान तेरा वर्षांचा, आणि सर्जा बैलाचा कासरा त्याच्या हाती दिला तो यंदाच पहिल्यांदा. नवा सदरा, डोक्याला फेटा, आणि डोळे तांबारलेले. पाटलाला वाटलं, पोरगं मानानं फुलून आलंय! तेवढ्यात वाजंत्री कडाडली, कोणी तरी बंदुकीचा बार काढला आणि सर्जा बुजला. दुसरं कोणतंही पोर कासरा सोडून बाजूला झालं असतं. इंद्रभाननं तो मनगटाला गुंडाळून घेतला होता, आणि त्याचे पाय काही त्याच्या ताब्यात राहिले नव्हते. बैलानं त्याला दहा पावलं फरफटत नेलं आणि मागचा खूर गुडघ्याखाली पडला. हाड मोडल्याचा आवाज वाजंत्रीतही ऐकू आला म्हणतात.

उत्तमरावानं पोराला मांडीवर घेतलं. उत्तमराव म्हणजे पाटलाच्या खालोखाल जमीन असलेला माणूस, आणि आवाज तर पाटलापेक्षा मोठा.

"अबे, हा तं पेलेला हाय!" तो ओरडला. "पाटील, तुमचा पोट्टा दारू पेऊन आला हो!"

खोटं कशाला बोला, पाटलाला आधी लाज वाटली आणि काळजी मागून आली. सगळं गाव तोरणाखाली उभं, बायाबापड्या ओट्यांवर, आणि त्यांच्यादेखत हे! पोराला बाजेवर घालून घरी नेलं. रोहिणखेडहून हाडं बसवणारा म्हातारा आणवला. त्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या, दोन महिने पाय हलवू नका म्हणाला, आणि जाताना दारात पाटलाला हळूच सांगून गेला की पोरगं चालेल, पण सरळ चालेल असं काही सांगवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलानं दौत पुढ्यात घेतली आणि रिपोट लिहिला. दारू दुकानदार निवृत्ती यानं कायदा मोडून अजाण मुलास दारू विकली, सबब त्याचा परवाना रद्द करून खटला भरावा. खाली सह्या आणि अंगठे मिळून वीस जण झाले, आणि सगळ्यांत पहिली सही उत्तमरावाची. असं पोरांच्या जिवावर उठलेलं माणूस गावात नकोच, यावर गावाचं कधी नव्हे ते एकमत झालं.

निवृत्तीचं दुकान गावाबाहेर, नाल्याच्या पलीकडे. दारावर सरकारी पत्र्याची पाटी होती, लहान मुलांस दारू विकण्यास मनाई आहे म्हणून. ठळक अक्षरं, खाली मोहोर. आणि गेली कित्येक वर्षं त्या पाटीखालून गावातली चांगल्या घरची पोरं वाकून आत जात होती, प्रत्येकाच्या हातात फडक्यानं तोंड बांधलेला एकेक पितळी गडवा.

ही रीत कोणी पाडली, देव जाणे. अब्रूदार माणसानं दारूच्या दुकानाची पायरी चढू नये, हे गावात लहान पोरही जाणत होतं. बरं, गड्याला पाठवावं तर गडी चार ठिकाणी बोलणार. घरचं पोर कशाला बोलतंय? पोराच्या हातातल्या गडव्याकडे कोण बघतंय? रस्त्यात कोणी विचारलंच तर ताक आहे म्हणायचं, एवढं शिकवलं की झालं! गडव्यावर घरच्याचं नाव कोरलेलं असायचं. नाव बघून निवृत्ती तो मुकाट्यानं भरून द्यायचा. शालिग्राम पाटलाच्या गडव्याला तर तो नाव वाचायलाही थांबत नसे. आठव्या वर्षापासून तो गडवा इंद्रभानच्या हातात होता.

हे रिपोटात कुठंही आलं नव्हतं. पाटलाला ते लपवायचं होतं असंही नाही. त्याच्या डोक्यातच ते आलं नाही, आणि मला विचाराल तर हेच जास्त वाईट.

डोक्यात आणून दिलं त्याच्या बायकोनं. मंजुळाबाई फारशी बोलणारी बाई नव्हती. पाचव्या दिवशी दुपारी त्याला ताट वाढून ती समोर बसली ती उठेचना.

"आयकता का? निवृत्तीचं नाव लिवलं तुमी. गडव्याचं काऊन नाई लिवलं?"

"कोन्त्या गडव्याचं?"

"आता मलेच इचारता? पोळ्याच्या दिवशी सकाळी पोट्ट्याले कोनं धाडलं होतं? पाव्हने येनार म्हनून दोनदा धाडलं तुमी. फडकं म्या बांधून देल्लं. ह्याच हातानं बांधलं."

"गप बस. म्या त्याले पे म्हनलं होतं का?"

"नाई म्हनलं. पन मांगच्या सालापासून तुमी काय म्हनून राह्यले होते? निवृत्ती पानी घालते, दारूत दम नाई, चोर हाय लेकाचा. म्हनत होते का नाई?"

पाटलाचा घास हातातच राहिला.

"पानी तुमचा लेक घाले," मंजुळाबाई म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना. "नाल्यावर बसून चार घोट पे अन् तेवढं पानी भरे. परवा तापात त्यानंच सांगतलं मले. पयले म्हने हिंदकळून हाताले लागली ते चाटली. मंग गोडी लागली."

पाटील ताटावरून उठला तो गोठ्यात जाऊन बसला. मागच्या दिवाळीत त्यानं निवृत्तीला चावडीपुढं उभं करून शिव्या दिल्या होत्या, दारूत पाणी घालतोस म्हणून. निवृत्ती खाली मान घालून एवढंच म्हणाला होता, "पाटील, माह्याकडून तं चोख जाते. मंधात रस्ता हाय." निवृत्तीला तेव्हाच कळलं होतं! त्यानं सांगूनही पाहिलं होतं. पण पाटलाला तोंडावर सांगायची त्याची छाती नव्हती, आणि ऐकून घ्यायचं भान पाटलाला नव्हतं. आता रिपोट तर वर गेला होता. खरं सांगावं तर पाटीलकी जाते, तोंडाला काळं लागतं ते वेगळंच. गप्प बसावं तर निवृत्ती जातो, आणि निवृत्ती गेला म्हणून कोणी रडणारं नव्हतं. चार दिवस पाटील स्वतःला हेच समजावत राहिला. रडणारं कोणी नाही, मग काय बिघडतं?

नवव्या दिवशी सकाळी अबकारीचे साहेब घोड्यावरून आले आणि चावडीत चौकशी बसली. खुर्चीवर साहेब, शेजारी कारकून, सतरंजीवर सह्या करणारे वीस जण. साहेबांना पोराचा जबाब हवा होता, म्हणून चौघांनी इंद्रभानला बाजेसकट उचलून आणलं. आठ दिवसांत पोरगं वाळून काडी झालं होतं.

निवृत्ती हात जोडून उभा राहिला.

"पोळ्याच्या दिवशी या मुलाला दारू दिलीस?" साहेबांनी विचारलं.

"देल्ली साहेब."

"पाटी वाचता येते ना तुला?"

"येते साहेब."

"मग का दिलीस? कोणासाठी दिलीस?"

निवृत्तीनं पाटलाकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मग सतरंजीवर बसलेल्या एकेका तोंडाकडे पाहिलं, आणि ती सगळी तोंडं एकदम खाली झाली.

"पोट्टा आला, देल्ली," तो म्हणाला. "माही चुकी झाली."

असं का म्हणाला, हे त्यानं पुढंही कधी सांगितलं नाही. पाटलाशी वैर घेऊन त्या गावात राहता येत नाही, एवढं त्याला कळत असेल.

साहेब बाजेकडे वळले. "बाळ, भिऊ नकोस. तुला तिथं कोणी पाठवलं होतं?"

इंद्रभाननं बापाकडे पाहिलं नाही. वर आढ्याकडे बघत तो पाठ केल्यासारखा बोलला, "कोनीच नाई. म्याच गेलो. घरातून गडवा चोरला, अन् बाबाचं नाव सांगतलं. बाबाले काईच ठाऊक नाई."

"म्हणजे तू चोरी केलीस?"

"हो साहेब. म्या चोर हाय."

त्याला हे कोणीच शिकवलं नव्हतं. पाच वर्षं घरची अब्रू फडक्याखाली झाकून नेऊन नेऊन पोरगं ते आपोआप शिकलं होतं. कारकुनानं लेखणी शाईत बुडवली. पाटलाला ती कागदाला टेकताना दिसली. बापाचा गडवा वाहता वाहता पोराचा पाय गेला, आता त्याच्या नावावर चोरीही लिहिली जात होती, आणि बाप सतरंजीवर मांडी घालून बघत होता.

"लिवू नका!" पाटील उभा राहिला. "साहेब, ते लिवू नका. पोट्टा खोटं बोलून राह्यला. म्या धाडलं त्याले."

सतरंजीवरची खाली गेलेली तोंडं एकदम वर झाली.

"म्याच धाडत होतो. आठ वर्साचा होता तवापासून. गडवा माहा, दारू माही. निवृत्ती माहं नाव पाहून भरून दे."

"पाटील!" उत्तमरावानं त्याचं धोतर ओढलं. "येडे झाले का? घरातलं घरात राहू द्या ना. सायबापुढं काऊन उघडं करता?"

"उत्तमराव, तुमचा बारका बी काल नाल्यावर दिसला मले. फडक्याचा गडवा घेऊन," पाटील म्हणाला. "घरी जा अन् त्याच्या तोंडाचा वास घेऊन पाहा. माह्या पोराचा तं तुमी लय लवकर घेतला."

उत्तमरावानं धोतर सोडलं. सतरंजीवरचे दोघे-तिघे हळूच उठून बाहेर गेले.

साहेबांनी लेखणी थांबवायला लावली. माणूस तसा समजदार होता. "पाटील," ते म्हणाले, "कायदा विकणाऱ्याला धरतो. निवृत्तीला दंड होईल, त्यातून तो सुटत नाही. पाठवणाऱ्या बापासाठी माझ्याकडे कलम नाही. पण तुम्ही गावचे पोलीस पाटील. हा जबाब मला वर पाठवावा लागेल, आणि मग तुमचं काय होईल ते तुम्हाला माहीत आहे. अजून विचार करा."

"इचार करूनच चार दिवस गेले साहेब. लिवा."

त्याप्रमाणे लिहिलं गेलं, आणि त्यापायीच सहा महिन्यांनी पाटीलकीही गेली. पुढच्या पोळ्याला पहिली जोडी दुसऱ्याची होती. पण ते पुढचं.

सही झाल्यावर साहेब म्हणाले, "तो गडवा पुरावा म्हणून लागेल. मागवून घ्या."

कोतवाल सवयीनं दाराकडे धावला. पाटलानं त्याला हातानं अडवलं.

"बस तू. म्या आनतो."

घरी मंजुळाबाई दारातच उभी होती. चावडीतलं तिला कळलं होतं, अशा बातम्यांना पाय असतात. तिनं काही न बोलता फळीवरचा गडवा काढला, आणि हात आपसूक खुंटीवरच्या फडक्याकडे गेला.

"राहू दे," पाटील म्हणाला. "फडकं नको."

ऊन टळटळीत होतं. घरापासून चावडीपर्यंत अठरा ओटे, आणि प्रत्येक ओट्यावर कोणी ना कोणी. या वाटेनं पाटील जन्मभर चालला होता, पण ती इतकी लांब आहे हे त्याला माहीत नव्हतं. हातातला रिकामा गडवा उन्हात चकाकत होता. मधल्या ओट्यावर उत्तमरावाची म्हातारी आई बसली होती, अन्नपूर्णाबाई. तिला डोळ्यांनी कमी दिसायचं, पण विचारायची सवय गेली नव्हती. रस्त्यानं जाणाऱ्या पोरांना ती रोज विचारायची, तसंच तिनं विचारलं.

"कोन हाय बाप्पा? काय नेऊन राह्यला, ताक?"

पाटील थांबला. ताक म्हणणं किती सोपं आहे, हे त्याला तेव्हा कळलं.

"नाई माय. म्या शालिग्राम. दारूचा गडवा हाय. माहाच हाय."

पाटील पुढं निघाला.

चावडीत शिरल्यावर त्याला साहेबांकडे जाण्याआधी बाजेजवळून जावं लागलं. इंद्रभाननं बापाच्या हातातला उघडा गडवा पाहिला आणि तो गडबडला. निजल्या जागेवरून, पाय हलवू नको म्हटलेलं असताना, तो अर्धा उठला. त्यानं दोन्ही हात पुढे केले.

"बाबा, द्या माह्याजवळ," तो हळूच म्हणाला. "लोकं पाहून राह्यले."

पाटलानं एका हातानं पोराला परत निजवलं. गडवा त्यानं त्याला दिला नाही.