तिघांनी ओतलेलं ऑइल

मित्रांनो, मी गाडी आहे, आणि जुनी आहे. कारखान्यात माझं कौतुक कुणी केलं नाही. कुणीतरी चार नट आवळायचं आणि मला पुढे ढकलायचं, बस. माझ्यावर पहिल्यांदा मायेचा हात फिरवला तो या घरातल्या बाबांनी. म्हणून मीही त्यांना बाबाच म्हणते.

बाबा छापखान्यात कामाला होते. दर रविवारी सकाळी ते ऑइलचा डबा घेऊन बाहेर यायचे, माझं बॉनेट उघडायचे, ऑइल मोजायची पट्टी उपसायचे, फडक्याने पुसायचे, पुन्हा बुडवून बघायचे. दहापैकी नऊ वेळा एक थेंबही घालायला लागायचा नाही. मग ते डबा तसाच घरात न्यायचे. पण खिडकीतून बघणाऱ्या घरच्यांना दिसायचा तो फक्त डबा.

बारा वर्षं मी या घराला वाहिलं. आजोबांना डोळे तपासायला, आईला कामावर, थोरल्या लेकीला परीक्षेला. एकदाही रस्त्यात बसले नाही. मग मागच्या वर्षी बाबांच्या छातीत कळ आली आणि दोन दिवसांत सगळं संपलं. महिनाभर माझं दार कुणी उघडलं नाही. दार उघडलं की मी अजून त्यांचाच हात शोधते. पुढे थोरली मला चालवायला लागली. तिचे पाय पुरत नव्हते, पण बाबांनी लावलेली सीट तिने हलवली नाही. पाठीमागे उशी घेऊन बसायची पोर.

आणि मग मला धूर सुटला. निळसर, उग्र. शेजारीण दोरीवरचे कपडे ओढत म्हणाली, "गाडी आहे की धुराडं?" थोरलीचे मामा मला एका मोठ्या गॅरेजात घेऊन गेले. तिथला माणूस खिशातून हात न काढता म्हणाला, "इंजिन संपलं. भंगारात द्या." बॉनेट उघडलं नाही त्याने. असल्या माणसाला लोक तज्ज्ञ म्हणतात, याची मला चीड येते. पण मामांनी मान डोलावली आणि शनिवारी भंगारवाला येणार असं ठरलं.

शुक्रवारी दुपारी आजोबा, आई आणि थोरली, तिघं माझ्यात बसले. शेवटची फेरी म्हणून. थोरलीने मध्येच मला छापखान्यामागच्या गल्लीत वळवलं. तिथे नाकवाल्या काकांचं गॅरेज आहे. ते हुंगून आजार सांगतात, म्हणून हे नाव.

काकांनी सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा रुमाल धरला, मग नाकाशी नेला.

"काळा धूर असता तर पेट्रोल जास्त जातंय म्हटलं असतं. पांढरा असता तर पाणी. हा निळा आहे. ऑइल जळतंय."

"म्हणजे इंजिन गेलंच," आजोबा म्हणाले.

"ताप आला की माणूस गेला का, आजोबा? गार होऊ द्या तिला."

मी गार झाल्यावर त्यांनी पट्टी उपसली, पुसली, बुडवली, पुन्हा काढली आणि उजेडात धरली.

"ऑइल या दोन खुणांच्या मध्ये पाहिजे. हे दोन बोटं वर आलंय. कोण ओततं?"

"मी," थोरली म्हणाली. "रविवारी पहाटे. बाबा ओतायचे ना."

"तू कशाला?" आई तिच्याकडे वळली. "मी ओतते की. तू क्लासला गेलीस की."

आजोबा खाकरले. "मीही थोडं घालतो. दुपारी. कपाने."

"कुठल्या कपाने?"

"धुऊन ठेवतो मी."

"तरीच चहाला वास मारतोय महिनाभर," आई म्हणाली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. "मला वाटलं, त्यांची आठवण तुम्हाला कुणाला राहिली नाही. निदान मी तरी..."

"मलाही तेच वाटलं," थोरली म्हणाली. आजोबांनीही होकारार्थी मान हलवली.

"धन्य आहे," काका म्हणाले. "पोट भरलेल्याला तीन ताटं वाढलीत. जास्तीचं ऑइल आत घुसळतं, फेस होतो, वरच्या नळीतून चढतं आणि पेट्रोलबरोबर जळतं. पट्टी बघितली कुणी?"

कुणीच बघितली नव्हती.

काकांनी खालचा बोल्ट काढून सगळं ऑइल सोडलं, ती नळी धुतली, काळे पडलेले चारही प्लग बदलले आणि नवं ऑइल मोजून घातलं. "दोन दिवस अजून धूर येईल. सायलेन्सरमध्ये मुरलंय ते जळू द्या. घाबरून परत ओतायला जाऊ नका." आईने तिथूनच भंगारवाल्याला फोन केला. "येऊ नका," एवढंच म्हणाली.

मित्रांनो, त्या माणसासाठी मी अजून झुरते. लोखंडाची असले तरी ठोकळा नाही. ते येणार नाहीत हे मला कळतं, या तिघांनाही कळतं. पण चोरून, एकेकट्याने, न बघता केलेल्या मायेनेच मला मरणाच्या दारात नेलं होतं, हे साफ सांगते. कुणाची काळजी घ्यायची तर आधी त्याला काय हवंय ते बघा. आपल्याला जे कमी पडलंय ते त्याच्यात ओतू नका.

आता रविवारी तिघं मिळून माझं बॉनेट उघडतात. बहुतेक वेळा काही घालायला लागत नाही. हात रिकामे राहतात, मग बोलावं लागतं. परवा आजोबांनी बाबांच्या लहानपणची एक गोष्ट सांगितली. ती मलाही माहीत नव्हती.