शेडजवळचा वाफा

डेस्मंडला स्वस्थ बसणं ठाऊकच नाही. आयुष्यभर बस चालवली, आता निवृत्त झाल्यापासून घरात उगाच दारांच्या बिजागऱ्यांचे स्क्रू आवळत फिरतो. त्यात थेल्मा, त्याची बायको, इस्पितळात. सामायिक मळ्यात भाजी लावायला तिने भाड्याने घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यावर हिवाळाभर फावडं लागलं नव्हतं. मळ्याच्या कमिटीने कळवलं, शनिवारच्या पाहणीपर्यंत बहुतेक जमीन खणलेली दिसली नाही, तर तुकडा रांगेतल्या पुढच्या माणसाला जाईल.

माझा तुकडा तिच्या शेजारचा. गुड फ्रायडेला आम्ही दोघी एकमेकींवर नजर ठेवून बटाटे लावतो, कुणाची ओळ सरळ ते बघायला. म्हणून तिने मलाच सांगून ठेवलं होतं, "नोरा, माझ्या डेस्मंडवर लक्ष ठेव. आणि यंदा मे महिन्यात शतावरीचे कोंब भाजीला कापायला मला घेऊन जा, म्हणजे झालं."

पहिल्या ऑपरेशननंतर लावलेली तिची शतावरी. पहिली दोन वर्षं तिचा एक कोंबही तोडायचा नसतो, मुळं धरू द्यायची. यंदा तिसरं वर्ष. डॉक्टर मात्र ती येत्या नाताळपर्यंत राहील असं म्हणत नव्हते. मेपर्यंत म्हटलं की होकारार्थी मान डोलवायचे, एवढंच.

शुक्रवारी सकाळी डेस्मंड गोठलेल्या मातीवर तुटून पडला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

"अरे, ऊन तरी येऊ दे. फावडं मोडशील."

"ऊन येईपर्यंत तो कमिटीचा ओल्ड्रॉइड मोजपट्टी घेऊन येईल!"

"तो उद्या येणारेय. आणि हे बघ, रुबार्बच्या रोपांवर उपडी घातलेली बादली उचलू नकोस, शेडजवळच्या वाफ्याला हात लावू नकोस."

"तिथे आहे काय? नुसती माती."

"म्हणूनच हात लावू नकोस," मी म्हटलं आणि फाटकाशी शेणखताची गाडी आली म्हणून गेले.

खताच्या रांगेत माझं लक्ष लागेना. गप्पा मारणाऱ्यांना ढकलून दोन ढकलगाड्या भरल्या आणि परत आले. शेडजवळ धूर निघत होता.

तो वाफा दोन वेळा उलटून झाला होता, वर दाताळंही फिरवलेलं. डेस्मंड खुशीत होता. "तिथेच सगळ्यात जास्त तण होतं गं! जाड शेवयांसारखी मुळं, खालपर्यंत. म्हटलं, ओल्ड्रॉइडला नेमकं तेच दिसायचं. तुकडे करून जाळून टाकली."

मी ओरडले. काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही. ते तण नव्हतं, थेल्माची शतावरी होती, हे त्याला कळलं तेव्हा तो आगीत काठी घालून उकरू लागला, जणू एखादं मूळ अजून शाबूत सापडेल. सापडलं नाही. मग म्हणाला, "मे महिन्यात बाजारातून कोंब आणून मातीत खोचून ठेवले तर?"

"ती बाई आंधळी नाहीये, डेस्मंड."

शनिवारी ओल्ड्रॉइड आला, कडेकडेने चालला, "छान खणलंय," म्हणाला आणि गेला. तुकडा वाचला. डेस्मंडने त्याचे आभारसुद्धा मानले नाहीत.

थेल्मा घरी आली त्याच आठवड्यात तिने तुकड्यावर न्या म्हणून हट्ट धरला. आम्ही तिला चाकांच्या खुर्चीत बसवून चिखलातून नेलं. वाटेत डेस्मंडने तिची शाल इतक्यांदा नीट केली की शेवटी तिने त्याच्या हातावर चापट मारली. तिने बाकी काही पाहिलंच नाही, नजर थेट शेडकडे गेली.

डेस्मंड रडायला लागला, तोंड न झाकता, लहान पोरासारखा.

"थेल्मा, मला वाटलं तण आहे. तुझा तुकडा जाऊ नये म्हणून..."

"माहितेय मला. गप." तिने हात पुढे केला. त्याने धरला तेव्हा तिने त्याचे तळवे उलटे करून फोड पाहिले. "नवी रोपं माळ्याकडे मिळतील. उद्याच आण. हातभर खोल चर खण, तळाशी खत घाल, मुळं पसरून ठेव."

"तीन वर्षं लागतात ना गं त्याला?"

"लागतात," ती म्हणाली. "तोवर एकही तोडू नकोस. मग पहिली जुडी नोराला दे, आणि तू खा. लोण्यात परतून. तुला खाववेल तेवढं."